छऱ्यांनी सोसलेला पावसाळा

सायकलचं चाक फिरताना देखणं दिसतंच. पण त्याची खरी कलाकुसर हब उघडल्यावर दिसते. चेकनट सोडवावा, कोन आट्यांवरून उलटा फिरवून काढावा, एक्सल अलगद ओढून घ्यावा. मग हबमधला कप आणि त्यात ग्रीसला चिकटून बसलेले छर्रे समोर येतात. पुढच्या चाकात दर बाजूला बहुधा 3/16 इंची दहा, मागच्यात पाव इंची नऊ. घासण्याऐवजी लोळायचं, एवढंच त्यांचं काम. पॅरिसच्या ज्यूल सुरिरे यांनी 1869 साली सायकलसाठी अशा बेअरिंगचं पेटंट घेतलं. दीडशे वर्षांनंतरही साध्या सायकलीत मूळ कल्पना तीच आहे.

थेरगावात तिची परीक्षा ऋतू घेतात. पवना ओलांडली की चिंचवड; तिथे 1960च्या दशकापासून एसकेएफच्या कारखान्यात बेअरिंगं बनतात. पण थेरगावातून पाळीला निघालेल्या सायकलीचा हब कारखान्यातल्या स्वच्छ हवेत फिरत नाही. उन्हाळ्यात रस्त्याची बारीक धूळ त्यात शिरते, पावसाळ्यात चाकाबरोबर उडणारं गढूळ पाणी.

आत काय घडलं ते ग्रीस सांगतं. दुधाळ झालं असेल, तर पाणी शिरलं. तांबूस असेल, तर गंज धरला. बोटांच्या चिमटीत करकरलं, तर धूळ मिसळून त्याचं पॉलिशपेपरसारखं घासणारं मलम झालं. हे सगळं रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये धुऊन काढायचं आणि कोन उजेडाकडे धरून बघायचा. खड्डे पडले असतील, तर ते बहुधा एकाच बाजूला सापडतात. कप चाकाबरोबर फिरत राहतो, त्यामुळे भार त्याच्यावर सगळीकडे वाटला जातो. कोन जागचा हलत नाही. खालच्या बाजूनं तोच भाग सतत भार उचलतो.

छर्रे मात्र सगळे एकदम बदलावेत. जुन्यांत एखादा नवा टाकला, तर तो किंचित मोठा भरतो आणि भार एकट्याच्या अंगावर घेतो.

सगळ्यात नाजूक काम शेवटी येतं. कोन घट्ट झाला तर छर्रे रगडले जातात, सैल राहिला तर चाक डुगडुगतं. चेकनट आवळताना कोन पुन्हा थोडा सरकतो, म्हणून आवळल्यावर परत तपासायचं. चाक उचलून सोडलं की व्हॉल्व्हच्या वजनानं ते मागेपुढे झुलत थांबायला हवं आणि रिम धरून हलवली तर खडखड जाणवता कामा नये. तेवढं जमलं की हात आपोआप थांबतो.

पाऊस सरल्यावर, खंडेनवमीला पाने पुजायच्या आधी, हब एकदा उघडावाच. ऋतूचा पहिला मार ग्रीस खातं, मग छर्रे, मग कोन. हबमध्ये ठोकून बसवलेल्या कपापर्यंत तो सहसा शेवटी पोचतो. स्वस्तात बदलता येणाऱ्या भागांनी आधी झिजावं आणि बदलायला अवघड भाग वाचवावा, ही या रचनेतली योजना मला सगळ्यात थोर वाटते. सीलबंद बेअरिंग चिखल जास्त काळ अडवतं, पण ते बिघडलं की अख्खं काढून टाकावं लागतं. कप-कोन मात्र चार पैशांच्या ग्रीसवर आणि वेळेवर फिरलेल्या पान्यावर वर्षानुवर्षं चालतो.