'महानगरपालिकेच्या ठेवी' : एका षष्ठीची चिकित्सा

बृहन्मुंबई महानगरपालिकेचा अर्थसंकल्प दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास प्रसिद्ध होतो आणि त्याच्या पाठोपाठ ठेवींचा वाद नव्याने उद्भवतो. २०२२ च्या सुमारास ह्या ठेवी ९० हजार कोटी रुपयांच्या वर होत्या. २०२५ च्या आरंभी त्या ८० हजार कोटींच्या आसपास उतरल्या होत्या. एवढा पैसा बँकांत पडून असताना नगरीचे रस्ते खड्ड्यांत का, असे एक पक्ष विचारतो. ठेवी मोडून महानगरपालिका भिकेस लावली, असे दुसरा पक्ष म्हणतो. आकड्याविषयी ह्या दोहोंत मतभेद जवळजवळ नाही. आकड्याआधी येणाऱ्या 'पालिकेच्या ठेवी' ह्या दोन शब्दांविषयी मात्र कोणीच विचारणा करीत नाही. वस्तुतः वादाचे मूळ तेथेच आहे.

'बँकेच्या ठेवी वाढल्या' असे वाक्य मराठी वाचक नित्य वाचतो. ह्या ठेवी बँकेच्या मालकीच्या नाहीत, इतरांनी बँकेकडे ठेवलेल्या आहेत, हे त्यास कोणी समजावून द्यावे लागत नाही. 'आजीची ठेव' म्हटले म्हणजे मात्र ती आजीने ठेवलेली आणि आजीच्याच मालकीची. विभक्ती एक, प्रत्यय एक. परंतु पहिल्या प्रयोगात षष्ठी ठेव सांभाळणाऱ्याची आहे, दुसऱ्या प्रयोगात ठेव ठेवणाऱ्याची. कृदन्ताच्या योगाने येणारी षष्ठी कर्त्याची असते तशी कर्माचीही असते, हे पाणिनीपासून व्याकरणास ठाऊक आहे. 'ठेव' हे नाम 'ठेवणे' ह्या क्रियापदापासून सिद्ध झालेले असल्यामुळे त्याच्या पोटात ती क्रिया अद्याप जागी आहे, आणि क्रिया आली की कोणी, कोणाची वस्तू, कोणाजवळ, हे तिन्ही प्रश्न आलेच. षष्ठी ह्या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच 'च्या'ने देते, म्हणजे एकाचेही नीट देत नाही.

'महानगरपालिकेच्या ठेवी' ह्या प्रयोगात हे तिन्ही अर्थ एकाच वेळी वावरतात. बँकेत ठेवणारी महानगरपालिका आहे, म्हणून ती कर्ता. त्यांतील एक भाग तिच्या स्वतःच्या वाचलेल्या पैशाचा आहे, म्हणून ती स्वामी. परंतु दुसरा मोठा भाग कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतनाची तरतूद आणि ठेकेदारांच्या अनामत रकमा असा आहे. त्या भागापुरती महानगरपालिका केवळ सांभाळणारी, बँकेसारखीच. शिवाय हाती घेतलेल्या प्रकल्पांसाठी बाजूस काढलेला पैसाही त्यातच आहे. तो नावाने तिचा, परंतु देण्याने आधीच दुसऱ्याचा झालेला. 'पडून असलेला पैसा' असे म्हणणारा ह्या सर्वांस 'आजीची ठेव' समजतो. उलट, 'हा सारा पैसा बांधील आहे' असे उत्तर देणारा अधिकारी त्यास 'बँकेची ठेव' समजावयास सांगतो. दोघेही एकच शब्दसमूह उच्चारतात, आणि म्हणूनच दोघांचे भांडण वर्षानुवर्षे मिटत नाही.

धर्मशास्त्रकारांची येथे आठवण होते. याज्ञवल्क्यस्मृतीत उपनिधीचे स्वतंत्र प्रकरण आहे. पेटीत बंद करून, आत काय आहे हे न सांगता दुसऱ्याच्या हाती दिलेला तो उपनिधी. मोजून, दाखवून दिलेला तो निक्षेप, असा भेद पुढील भाष्यकारांनी केला. सार्वजनिक चर्चेत ठेवींचा जो एकच एक भला मोठा आकडा फिरतो त्यास ह्या परिभाषेत उपनिधीच म्हणावे लागेल. पेटीचे वजन सर्वांस ठाऊक, आतील जिन्नस थोड्यांस.

मराठीत ह्या व्यवहारास पुरेसे शब्द नाहीत अशी तक्रार ऐकू येते. ती खरी नाही. 'अनामत' हा अरबीतून आलेला शब्द परक्याच्या मालकीची स्पष्ट जाणीव देतो. 'ऋणनिवारण निधी' आणि 'घसारा निधी' हे शब्द नवे असले तरी पैसा कशासाठी आहे ते सांगतात. दोष आहे तो हे सारे भेद 'ठेवी' ह्या एका पोत्यात भरण्याच्या सवयीत. वर्तमानपत्रांनी त्यात 'गंगाजळी'ची भर घातली. गंगाजळी म्हणजे देवघरात मोहोरबंद ठेवलेला, अखेरच्या घटकेस उघडावयाचा लहानसा गडू. हा शब्द एकदा स्वीकारला म्हणजे पैसा खर्च करणे हे मरणसमयीचे कृत्य ठरते. धोरणाचा निर्णय उपमेनेच होऊन जातो. 'ठेवी मोडणे' ह्या प्रयोगाचीही तीच गत. मोडतात ते दागिने, आणि तेही अडचणीत. वास्तविक मुदत भरल्यावर रक्कम काढून समुद्रकिनाऱ्याच्या मार्गासारख्या कामावर लावणे ह्यात मोडतोड काहीच नाही. ते काम योग्य होते की अयोग्य, एवढाच प्रश्न उरतो. पण घरगुती शब्दांनी तो प्रश्न झाकला जातो.

ह्याउलट 'गुंतवणूक' हा शब्द पाहावा. त्याच्या मुळाशी 'गुंतणे' आहे, आणि दोरा गुंततो तसा पैसाही गुंततो, लगेच मोकळा होत नाही. इंग्रजी शब्दापेक्षा मराठी शब्द येथे अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल. ५ मार्च २०२० रोजी येस बँकेवर निर्बंध आले तेव्हा पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचे नऊशे कोटींहून अधिक रुपये त्या बँकेत होते, आणि सर्व वृत्तांतांत एकच क्रियापद आले : 'अडकले'. निर्बंध त्याच महिन्यात उठले हे सुदैव. मुंबईच्या अधिनियमात, म्हणजे १८८८ च्या कायद्यात, शिलकी पैसा व्याजाने बँकेत ठेवण्याची किंवा सरकारी रोख्यांत गुंतवण्याची जी मुभा आहे ती लगेच वा लवकर उपयोगात आणता न येणाऱ्या पैशापुरतीच आहे. कायद्याने 'शिल्लक' ह्या कल्पनेस काळाचे परिमाण दिले. चर्चेतील 'शिल्लक' शब्दात काळ मुळीच नाही. सुरक्षितता आधी, रोखता नंतर, उत्पन्न शेवटी, हा सार्वजनिक कोषपालांचा क्रमही काळाशीच निगडित आहे. तो उलटा केला की काय होते, हे कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीने १९९४ मध्ये पाहिले. तेथील कोषपालाने सुमारे साडेसात अब्ज डॉलरांच्या सामायिक निधीवर अल्प मुदतीचे कर्ज काढून वीस अब्जांच्या घरातील दीर्घ मुदतीची गुंतवणूक केली. व्याजदर चढले, आणि सुमारे १.६ अब्ज डॉलर बुडून ६ डिसेंबर १९९४ रोजी काउंटीस दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. त्या निधीत नगरांचा व शाळांचाही पैसा होता. तेव्हा 'बँकेत ठेवणे म्हणजे आळस' ही टीकाही अविचारीच होय.

आता '२०२५-२६ चा शिलकी अर्थसंकल्प' घ्यावा. आकार ७४,४२७ कोटी, शिल्लक सुमारे ६० कोटी. त्याच अर्थसंकल्पात विशेष निधींतून सुमारे १६,७०० कोटी रुपये 'अंतर्गत तात्पुरते हस्तांतरण' म्हणून घ्यावयाचे होते. ह्या तीन शब्दांची रचना अभ्यासण्याजोगी आहे. 'अंतर्गत' म्हणजे बाहेरच्याचे काही गेले नाही. 'तात्पुरते' म्हणजे परत येणार; कधी, ते विशेषण सांगत नाही. 'हस्तांतरण' म्हणजे ह्या हातातून त्या हातात, कर्ज नव्हे. मराठी गृहिणी ह्या व्यवहारास 'उसनवार' म्हणते, आणि त्या शब्दात फेडीची मुदत व लाज दोन्ही अध्याहृत असतात. इंग्रजी शब्दप्रयोगाचे शब्दशः भाषांतर करताना नेमक्या ह्याच दोन गोष्टी गळाल्या. उसनवार वगळल्यास जो अर्थसंकल्प तुटीचा, तो 'शिलकी' ह्या विशेषणासह छापला गेला. हे असत्य म्हणता येणार नाही, जमाखर्चाच्या नियमात ते बसते. पण वाचकाची फसगत करावयास असत्याची गरज नसते.

पुण्याचा अनुभव ह्याहून वेगळा, परंतु भाषेच्या दृष्टीने तितकाच बोलका आहे. जून २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेने ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटींचे कर्जरोखे विकले. ज्या पाणीपुरवठा योजनेसाठी ते काढले तिच्या निविदा पुढे रद्द झाल्या आणि पैसा काही काळ बँकेच्या ठेवीत राहिला. येथे 'ठेव' म्हणजे कर्ज! हिशेबाच्या कागदावर ती ठेवीच्या रकान्यातच दिसणार.

सर्वांत गंभीर दोष मात्र नामांत नसून क्रियापदांत आहे. 'ठेवी ठेवण्यात आल्या', 'मान्यता देण्यात आली', 'अर्थसंकल्प सादर करण्यात येत आहे' : प्रशासकीय मराठीचा हा कर्मणी प्रयोग कर्त्यास पडद्याआड नेतो, हे नेहमीचेच. एरवी वाचक तो कर्ता संदर्भाने भरून घेतो. आयुक्त सादर करतो, स्थायी समिती मान्यता देते. ७ मार्च २०२२ रोजी नगरसेवकांची मुदत संपली. त्यानंतर २०२३, २०२४ व २०२५ ह्या तिन्ही वर्षी आयुक्त हाच प्रशासक होता आणि स्थायी समितीचे अधिकारही त्याच्याकडेच होते. सादर करणारा तोच, ज्यास सादर केला तो तोच, मान्यता देणाराही तोच. तरीही दस्तऐवजाच्या वाक्यरचनेत एका प्रत्ययाचाही फरक पडला नाही. कर्तरी प्रयोगात ती वाक्ये लिहावयाची म्हटली असती तर 'स्वतः' आणि 'स्वतःस' हे शब्द प्रत्येक ओळीत आणावे लागले असते.