नोंदवहीतला माणूस : 'उचल्या'चे पुनर्वाचन

सेमिनरीत असताना आम्ही लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' प्रथम वाचले. त्या वयात भूक, मारहाण आणि घाण यांच्या वर्णनांनीच आमचे मन व्यापले होते. यंदा ते पुन्हा हाती घेतले, त्याला एक लाजिरवाणे निमित्त घडले. सांगवीत नदीकाठी काही भटक्या कुटुंबांची पाले पडली आणि त्याच आठवड्यात वेदीवरील पितळी मेणबत्तीदाने दिसेनाशी झाली. आम्ही कोणतीही चौकशी केली नाही. 'त्या पालांवर जरा नजर ठेव', एवढे रखवालदाराला सांगून मोकळे झालो. मेणबत्तीदाने आमच्याच धर्मग्रामातील एका बाईंनी घासायला घरी नेली होती. पालातल्या एकाही माणसाचे नाव आम्हांला ठाऊक नव्हते. मग हा संशय आमच्या मनात कोणी पेरला?

'उचल्या' १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि १९८८ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. लातूरजवळच्या धनेगावात जन्मलेल्या लेखकाची ही आत्मकथा आहे. तिचे नावच एक निकालपत्र आहे. जमातीचे नाव उच्चारताच आरोप सिद्ध झालेला असतो, पुराव्याची गरज उरत नाही. आजोबांची पोलिसांकडील हजेरी, अपरात्री झोपडीवर पडणारी धाड, बायकांदेखत होणारी झडती, हे सारे लेखक आवाज न चढवता सांगतो. पुस्तकातील सर्वांत बोलका प्रसंग मात्र पोलिसांचा नाही. मुलगा शाळेत जाऊ लागतो, वस्तीतील पोरांना जुलाब-उलट्या होतात आणि जाणती मंडळी दोष देतात ते त्याच्या शाळेला. आपण शिकण्यासाठी जन्मलोच नाही, असे वस्तीनेच मानलेले असते. सरकारने बाहेरून मारलेला शिक्का येथे आतपर्यंत उतरलेला दिसतो. मराठी दलित आत्मकथनांतही असे प्रसंग विरळा.

बहुतेक वाचक या पुस्तकाकडे 'चोरांच्या जातीची' कहाणी म्हणून पाहतात. ते वाचन आम्हांला अपुरे वाटते. भटक्यांविषयी गावगाड्याला संशय पूर्वीही होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्या संशयाला कायद्याचे बळ दिले ते इंग्रजी राजवटीने. १८७१ सालच्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातच जन्मतः गुन्हेगार ठरवता येऊ लागली. आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ साली मुंबई इलाख्यासही लागू करता येईल असा व्यापक झाला. नोंदणी, बोटांचे ठसे, हजेरी, परवान्यावाचून गाव सोडण्यास बंदी आणि शेवटी तारेच्या कुंपणाची वसाहत, असा त्याचा व्यवहार होता. सोलापूरच्या अशा वसाहतीचे 'सेटलमेंट' हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. लातूर तर त्या काळी निजामाच्या मुलखात होते. तरीही हजेरी तेथे पोहोचलीच. राज्याची सीमा माणसाला अडवते, शिक्क्याला अडवत नाही.

ख्रिस्ती वाचकांनी येथे थोडे थांबावे. यातील काही वसाहती सरकारने साल्व्हेशन आर्मीकडे चालवायला दिल्या होत्या. ती मंडळी आपल्या पंथाची नव्हती, असे म्हणून हात झटकता येतील. पण रवांडाचे काय? तेथे बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात ओळखपत्रावर हुतू, तुत्सी अशी नोंद सुरू केली. १९९४ साली रस्तोरस्ती तीच ओळखपत्रे तपासून तुत्सींना ठार करण्यात आले. तो देश बहुसंख्येने कॅथलिक होता. तेथील चर्चच्या व चर्चच्या सभासदांच्या पापांबद्दल पोप फ्रान्सिस यांनी २०१७ साली देवाची क्षमा मागितली.

आपल्याकडे हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या जाऊ लागल्या. त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. ठाण्यातील नोंदवही फारशी बदलली नाही. नोंदवहीतला हा संशय गावकऱ्यांच्या मनातही राहिला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. ही जमात भटक्यांपैकी. पण अनोळखी भटका म्हणजे गुन्हेगार, हे जमावाने कोणाला विचारून ठरवले नव्हते. आम्हीही नव्हते विचारले.

वाङ्मय म्हणून पाहता पुस्तकाचा उत्तरार्ध उतरता आहे. लातूरच्या सूतगिरणीतील लढे आणि पुढील चळवळ येथे अहवालाच्या सुरात येतात. माणसे मागे पडून मोर्चे पुढे येतात. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'मधील (१९८०) भाषेचा ताजेपणाही येथे सर्वत्र नाही. तथापि ज्या घराण्याची ओळख पिढ्यान्पिढ्या पोलीसपाटलाने लिहिली, त्यातील एकाने लेखणी स्वतःच्या हाती घेतली, तेव्हा आम्ही तिच्याकडून सफाईची अपेक्षा किती करावी?

जाता जाता एक जवळची गोष्ट. आपल्या चिंचवडगावात गिरीश प्रभुणे यांनी पारधी व इतर भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी गुरुकुल उभे केले आहे. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या विचारसरणीशी आमचे जमत नाही, हे मोकळेपणाने सांगतो. पण ती मुले शाळेत आहेत. आणि पाले जेव्हा नदीकाठी होती, तेव्हा आमच्या धर्मग्रामातून तेथे गेला तो फक्त रखवालदार.