ब्रेक दाबताना नाही, सोडताना बघा

सिम रेसिंगसाठी नवीन पेडल्स घ्यायची म्हणून गेले काही आठवडे रोज रात्री रिव्ह्यू बघतोय. थीसिसचं तिसरं प्रकरण तिकडे वाट बघत बसलंय, ते असो. जवळपास प्रत्येक रिव्ह्यूत पहिला प्रश्न एकच: ब्रेक किती किलोचा? थ्रस्टमास्टरच्या टी-एलसीएमचा ब्रेक १०० किलोपर्यंतचा जोर मोजतो, म्हणजे भारी! (किलो हे जोराचं एकक नाही, खरं तर ९८१ न्यूटन म्हणायला हवं. पण त्यावरून आज भांडत नाही.) माझं म्हणणं एवढंच की हा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा.

आधी मूळ फरक समजून घेऊ. साध्या पेडलमध्ये पोटेन्शिओमीटर असतो, तो पेडल किती खाली गेलं ते मोजतो. लोड सेल तुम्ही किती जोर लावला ते मोजतो. धातूच्या तुकड्यावर बारीक पट्टी चिकटवलेली असते, धातू किंचित वाकला की पट्टीचा विद्युतरोध बदलतो. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा याच तत्त्वावर चालतो. खऱ्या गाडीतही ब्रेक किती लागणार हे ऑइलच्या दाबावर, म्हणजे पायाच्या जोरावर ठरतं. म्हणून लोड सेल 'जास्त खरा', असं सगळे सांगतात आणि तिथेच थांबतात.

पण मग एक शंका येते. स्प्रिंग असेल तर जोर आणि अंतर हुकच्या नियमाने बांधलेलेच आहेत की! अंतर मोजलं काय आणि जोर मोजला काय, एकाच गोष्टीची दोन नावं. मग स्वस्त पेडलमध्ये कडक स्प्रिंग किंवा रबर घालून काम का भागू नये?

थोडंफार भागतंही. लॉजिटेकच्या जी२९ मध्ये ब्रेकखाली रबराचा ठोकळा असतो तो यासाठीच. अडचण रबराची आहे, आणि इथे मी जरा हक्काने बोलतो, कारण माझं पीएचडीचं काम असल्याच पदार्थांवर आहे. रबर दाबताना आणि सोडताना एकाच वाटेने जात-येत नाही. आलेख काढला तर एक रेघ मिळत नाही, फुगीर वेटोळं मिळतं. त्याला हिस्टेरेसिस म्हणतात. पाय सैल केला तरी रबर लगेच पूर्ववत होत नाही, थोडं दबलेलंच राहतं. पोटेन्शिओमीटर तेच अंतर वाचतो आणि गेमला कळवतो, 'ब्रेक अजून आहे.' पायाला वाटतं सोडला, गाडीला वाटतं दाबलेलाय. लोड सेलमागेही रबर असतं, पण तो त्यातून येणारा जोर मोजतो. रबर कुठे पोचलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आता मोन्झाचं शेवटचं पॅराबोलिका वळण आठवा. तिथे वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडत जायचा असतो. या ट्रेल ब्रेकिंगमध्ये सगळं कसब सोडण्यात आहे, आणि रिव्ह्यूवाले मात्र दाबून दाखवतात! सोडतानाचा आलेख दाखवणारा रिव्ह्यू मला अजून तरी सापडलेला नाही.

'लोड सेल घेतला की लॅप टाइम कमी होतो' हा दावाही मला पटत नाही. प्रत्येक लॅपला ब्रेक सारखाच लागायला मदत होते, हे मान्य. वेग तुमचा तुम्हालाच शोधावा लागतो. शिवाय जीटी३ गाड्यांना एबीएस असतं, ते तुमच्या बऱ्याच चुका पोटात घालतं. एबीएस नसलेली गाडी चालवा, मग फरक कळेल.

राहिला किलोचा आकडा. स्नायूंनी जोर जितका जास्त लावावा तितकी त्यातली थरथरही वाढते, म्हणून नुसता मोठा आकडा म्हणजे जास्त अचूकता नव्हे. हॉइसिंकवेल्डचा स्प्रिंट टी-एलसीएमपेक्षा कितीतरी महाग, तरी त्याचा ब्रेक ६५ किलोचाच.

आणि तो जोर झेलणार कोण? मित्राचा लोड सेलवाला सेट हॉस्टेलच्या खोलीत लावून बघितला. पहिल्याच वळणाला ब्रेक दाबला आणि चाकांची खुर्ची मला घेऊन मागे कपाटावर गेली. सध्या खुर्ची टेबलाच्या पायाला नायलॉनच्या दोरीने बांधलीय. तीस किलोपर्यंत टिकते, पुढे टेबलच सरकतं. म्हणून तूर्त पेडल्सचे पैसे बाजूला ठेवलेत आणि सुताराकडून लाकडी फ्रेमचा भाव काढतोय.