सोडियम-उत्सर्जक पेप्टाइडे आणि मेंदूतील आधारपेशी : एक चिकित्सा

या विषयावरील वाङ्मयात दोन नावे आरंभीच वाचकाची दिशाभूल करतात. १९८१ मध्ये द बोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या हृदयातील अलिंदांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तेव्हा मूत्रावाटे सोडियम झपाट्याने बाहेर पडू लागले. पुढे १९८८ मध्ये सुदो, कांगावा, मात्सुओ प्रभृतींना डुकराच्या मेंदूत त्याच कुळातील दुसरे पेप्टाइड सापडले व त्यास ‘मेंदूचे’ हे विशेषण चिकटले. वस्तुतः त्याचा मुख्य उगम हृदयाच्या निलयांत आहे. हे विशेषण ज्याला अधिक शोभले असते, ते १९९० मधील तिसरे पेप्टाइड मात्र ‘सी’ या एका अक्षरावर समाधान मानून राहिले! दुसरे नाव ‘आधारपेशी’. अ‍ॅस्ट्रोसाइट या तारकाकृती पेशी म्हणजे चेतापेशींचा निव्वळ टेकू नव्हे. पोटॅशियमचा समतोल, पाण्याची ये-जा, जखमेभोवतीचा व्रण, ही सर्व त्यांची कामे होत.

या पेशींवर पेप्टाइडांचा परिणाम होतो, हे निर्विवाद. वाद आहे तो मार्गाविषयी. लेव्हिन व फ्रँक यांनी १९९१ मध्ये असे दाखविले की, काचपात्रात वाढविलेल्या उंदराच्या अ‍ॅस्ट्रोसाइटांची संख्यावृद्धी ही पेप्टाइडे रोखतात, आणि तीही सी-ग्राहीच्या द्वारे. म्हणजे ज्याच्याकडे पेप्टाइडांची विल्हेवाट लावण्यापलीकडे काही काम नाही असे समजत, त्याच्याच द्वारे. उलट बोरान व गार्सिया यांच्या २००७ च्या प्रयोगांत अलिंदाचे पेप्टाइड चक्रीय जीएमपीच्या वाटेने पेशींच्या शाखा लांबविते आणि आतील तंतूंची मांडणी बदलते. त्यात देशेप्पे व पिकार यांनी १९९४ मध्ये नोंदविलेला प्रदेशभेद लक्षात घेतला, म्हणजे मेंदूच्या एका भागातील पेशींवरून सर्व अ‍ॅस्ट्रोसाइटांविषयी बोलणे किती सैल आहे, हे कळते.

हा सैलपणा केवळ पंडिती नव्हे. मोताळ्याहून बुलढाण्यास जाताना राजूर घाट लागतो. त्या घाटात एखाद्याच्या डोक्यास मार बसला आणि पुढे रक्तातील सोडियम उतरले, तर पाणी तोडावे की मीठ व पाणी द्यावे, असा प्रश्न उभा राहतो. दोन्ही उपचार परस्परविरुद्ध आहेत. मेंदूच्या विकारात शरीरातील मीठ वाहून जाते, हे पीटर्स व सहकाऱ्यांनी १९५० मध्येच वर्णिले होते. त्याचा दोष या पेप्टाइडांवर ठेवण्याची प्रथा नंतरची. आणि नेमके हेच द्रव्य आता मेंदूचे रक्षक म्हणून पुढे केले जाते. जेम्स व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मेंदूस इजा केलेल्या लहान जातीच्या उंदरांना ते तीस मिनिटांनी व पुन्हा चार तासांनी दिले. उंदीर अधिक चांगले सावरले. प्रयोग नेटका आहे. परंतु तो मुळात मेंदूतील रक्तप्रवाह सुधारतो काय, हे पाहण्यासाठी योजिला होता. त्याचे श्रेय काचपात्रातील निष्कर्षांच्या आधारे अ‍ॅस्ट्रोसाइटांना देणे, हे आमच्या मते उसने पुण्य आहे. शिवाय घाटातील जखमी तीस मिनिटांत रुग्णशय्येवर पोहोचेल, असे कोणी गृहीत धरू नये.

आम्हांस पाहावयाचा आहे तो निराळा प्रयोग: केवळ अ‍ॅस्ट्रोसाइटांतून ए-ग्राही काढून टाकलेला उंदीर, तीच इजा, तीच मात्रा. तो उंदीरही तसाच सावरला, तर या पेशींचा दावा तेथेच निकालात निघेल.