लिपशिट्झ यांचा प्रोमिथियस
अग्नी चोरून मानवास देणाऱ्या प्रोमिथियसला झ्यूसने कड्याशी जखडले. गरुड त्याचे यकृत रोज खाई आणि रात्रीत ते पुन्हा वाढे. पुढे तो गरुड मारला हर्क्युलिसने. झाक लिपशिट्झ यांच्या कांस्यशिल्पात मात्र गरुडाच्या जागी गिधाड आहे आणि प्रोमिथियस स्वतःच त्याचा गळा आवळीत आहे. पुराणकथा अशी उलटविण्याचा अधिकार शिल्पकारास आहे काय?

काळ पाहावा. १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी त्यांनी हा विषय प्लास्टरात घडविला, तेव्हा शेजारी जर्मनीत हिटलरची सत्ता होती. आणि शिल्पकार ज्यू. १९४१ मध्ये त्यांना फ्रान्स सोडून अमेरिकेस जावे लागले. अशा माणसाने हर्क्युलिसची वाट पाहत बसावे काय? आम्हांस हा बदल न्याय्य वाटतो.

फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयापुढील प्रतीत एक हात गळ्यावर आहे, दुसऱ्याने नख्या धरल्या आहेत. पंख आणि अवयव असे गुंतले आहेत की पक्षी कोठे संपतो हे चटकन कळत नाही. झुंज अजून चालूच आहे. तथापि काही हरवलेही आहे. ईस्किलसचा प्रोमिथियस बांधलेल्या हातांनीही झ्यूसला नमत नाही. त्याचे सारे बळ नकारात आहे. येथे हात मोकळे आहेत, आणि ती उणीव, आमच्या मते, बलिष्ठ बाहूंनी भरून निघत नाही.