बोर्डिंग हाउस : अवकाश की नेपथ्य?

लव्हक्राफ्टच्या ‘कूल एअर’ (१९२८) या कथेचा निवेदक न्यूयॉर्कमधील बोर्डिंग हाउसमध्ये येतो तो केवळ भाडे परवडते म्हणून. वरच्या मजल्यावरील डॉक्टरचा सुगावा त्याला लागतो तो छतातून ठिबकणाऱ्या अमोनियामुळे. भयाचा उगम असा शेजाऱ्याविषयीच्या अज्ञानात आहे. लव्हक्राफ्टच्या कथाविश्वावर बेतलेल्या ‘कॉल ऑफ क्थुलू’ (१९८१) या भूमिकाखेळात मात्र एकाकी भाडेकरूच्या जागी खेळाडूंचा गट येतो. अनोळखी पात्रांना एका छपराखाली आणण्याची सोय म्हणून असे घर योजणे सोपे. पण संचालकाने सर्व मजल्यांचा नकाशा आरंभीच पुढ्यात ठेवला, की अवकाशाचे नेपथ्य होते आणि शेजाराऐवजी खोल्यांची यादी उरते. प्रत्येक खेळाडूला स्वतःच्या खोलीपुरतेच ज्ञान असावे. उरलेले घर जिन्यावरील पावलांतून, घरमालकिणीच्या कुरकुरीतून कळावे.