वंशावळ : नोंद की निवाडा?

हिब्रू धर्मग्रंथांतील वंशावळी हा वाचकाने ओलांडून जाण्याचा भाग आहे, असा समज रूढ आहे. ‘उत्पत्ती’च्या पाचव्या व अकराव्या अध्यायांतील नावांच्या माळा, ‘१ इतिहास’चे आरंभीचे नऊ अध्याय, ‘एज्रा’तील बाबेलहून परतलेल्यांची यादी हे सारे कथानकात अडथळा आणणारे वाटते. म्हणून भाविक ते भराभर वाचतो आणि साहित्याचा अभ्यासक ते वगळतो. ज्यांनी या वंशावळी गांभीर्याने वाचल्या त्यांनी बहुधा त्यांच्याकडे दप्तर म्हणून पाहिले. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली याच वयांच्या बेरजेचा आधार घेऊन विश्वनिर्मितीचे वर्ष इ. स. पू. ४००४ असे ठरवले. पुढे भूशास्त्राने ती बेरीज निकालात काढली आणि तिच्याबरोबर वंशावळींतील विद्वानांचे स्वारस्यही ओसरले. हे दोन्ही पक्ष परस्परविरोधी दिसत असले तरी त्यांचे गृहीत एकच आहे : वंशावळ ही भूतकाळाची नोंद असते आणि नोंद एक तर खरी असते, नाही तर खोटी. हे गृहीत तपासण्याची गरज केवळ पांडित्यापुरती नाही. विसाव्या शतकात एका मराठीभाषक समाजाचा विवाहाचा हक्क या गृहीतापाशी अडून राहिला होता.

प्रथम संहितेकडे पाहू. आदामापासून जलप्रलयापर्यंत किती वर्षे लोटली, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. मसोरेती हिब्रू संहितेनुसार ती १६५६, शोमरोनी संहितेनुसार १३०७, तर ग्रीक भाषांतरानुसार हस्तलिखितपरत्वे २२४२ किंवा २२६२ आहेत. ही तफावत लेखनिकांच्या हातचुकीने पडलेली नाही. ग्रीक संहितेत पुत्रजन्मसमयीची वये वारंवार नेमकी शंभर वर्षांनी वाढलेली दिसतात. शोमरोनी संहितेत यारेद, मथुशलह आणि लामेख हे तिघेही प्रलयाच्याच वर्षी मरण पावतात. काही ग्रीक हस्तलिखितांत मात्र तारवात नसलेला मथुशलह प्रलयानंतर चौदा वर्षे जगतो, आणि त्याचा उलगडा करण्यासाठी ऑगस्टीनसारख्या धर्मचिंतकाला शब्द वेचावे लागले. ज्यांनी ही वर्षे बदलली त्यांना ती बदलता येण्याजोगी वाटली, ही यातील महत्त्वाची गोष्ट आहे. आदामापासून नोहापर्यंत दहा पिढ्या; शेमपासून अब्राहामापर्यंत पुन्हा दहा. सातवा हनोख ३६५ वर्षे जगतो, म्हणजे सौर वर्षाच्या दिवसांइतकी. हिब्रू संहितेतला लामेख ७७७ वर्षे जगतो. येथे आकडा वय मोजत नाही. तो त्या व्यक्तीचे स्थान सांगतो. सुमेरी राजावलीत पहिला राजा २८,८०० वर्षे राज्य करतो, हे ध्यानी घेतले की आकड्यांची ही भाषा त्या प्रदेशाच्या परिचयाची होती, हे स्पष्ट होते.

उत्तरकालीन रब्बी परंपरेतही हीच वृत्ती दिसते. दुसऱ्या शतकातील योसे बेन हलाफ्ता यांच्या नावावर असलेला ‘सेदेर ओलाम’ हा ग्रंथ दुसऱ्या मंदिराच्या उभारणीपासून अलेक्झांडरपर्यंतच्या इराणी अंमलाला केवळ ३४ वर्षे देतो. आधुनिक इतिहासानुसार हा काळ सुमारे १८० वर्षांचा आहे. मात्र या संकोचामुळे पहिल्या मंदिराच्या विध्वंसापासून दुसऱ्याच्या विध्वंसापर्यंतचा अवधी ४९० वर्षांचा होतो आणि दानीएलाच्या ग्रंथातील सत्तर सप्तकांशी जुळतो. अशा कालगणनेला केवळ चूक म्हणून भागत नाही. घटनांना अर्थ देणारी चौकट आधी येते आणि वर्षे तिच्यात बसवली जातात, हे येथे ओळखावे लागते.

मराठी अभ्यासकाला हे अनोळखी वाटू नये. ‘वंश’ आणि ‘वंशानुचरित’ ही पुराणाच्या पाच लक्षणांपैकी दोन होत. त्या वंशांतून पार्जिटर यांनी १९२२ साली कालक्रम पिळून काढण्याचा प्रयत्न केला, तो अशर यांच्या प्रयत्नाचाच सुधारलेला अवतार होता. याहून जवळचा दाखला वतनाच्या तंट्यांचा आहे. वादी आणि प्रतिवादी गोतसभेपुढे आपापली पिढी सांगत, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. पाटीलकीचा तंटा नसता तर कित्येक घराण्यांची पिढी कागदावर उतरलीच नसती. वंशावळ भूतकाळाविषयी बोलते, पण बोलायला तिला वर्तमानातला हक्क भाग पाडतो. रॉबर्ट विल्सन यांनी १९७७ साली बायबलमधील वंशावळींविषयी मांडलेला निष्कर्ष याच दिशेचा आहे : घरगुती, राजकीय आणि धार्मिक अशा कार्यांनुसार वंशावळीचे रूप पालटते, त्यामुळे परस्परांशी न जुळणाऱ्या दोन वंशावळी आपापल्या ठिकाणी ग्राह्य असू शकतात.

या दृष्टीने ‘एज्रा’ आणि ‘रूथ’ हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत. ‘एज्रा’च्या दुसऱ्या अध्यायात काही याजककुळांना आपली नोंद सापडत नाही. त्यांना अशुद्ध मानून याजकपदापासून दूर ठेवले जाते आणि उरीम व थुम्मीम धारण करणारा याजक येईपर्यंत परमपवित्र अन्न निषिद्ध ठरते. वंशशुद्धीचे समर्थक याच प्रसंगाचा आधार घेतात. परंतु त्याच्या अगदी आधीच्या ओळींत आणखी काही घराणी आहेत. आपण इस्राएलाचेच आहोत, हेही त्यांना दाखवता आलेले नाही. त्यांना परत धाडल्याचे संहिता सांगत नाही. ती त्यांची संख्या देते, ६५२, आणि पुढे सरकते. ‘नहेम्या’च्या सातव्या अध्यायात हीच संख्या ६४२ आहे. म्हणजे सर्वांत काटेकोर समजल्या जाणाऱ्या या यादीने पुरावा नसलेल्यांनाही मोजले आहे. पुराव्याअभावी पद रोखले जाते. माणसे यादीबाहेर टाकली जात नाहीत.

‘रूथ’ची रीत निराळी आहे. मवाबी मनुष्याला दहाव्या पिढीपर्यंतही प्रभूच्या मंडळीत प्रवेश नाही, असा ‘अनुवाद’चा दंडक आहे. ‘रूथ’च्या अखेरीस पेरेसपासून दावीदापर्यंत दहा नावांची वंशावळ येते. तिच्या प्रारंभी तामारेचा पुत्र आहे आणि शेवटाकडे मवाबी रूथेचा. जिच्या वंशाला दंडकाने दहा पिढ्या दार बंद केले तिचा पणतू राजा होतो. ज्या प्रकाराने बहिष्कार सिद्ध करता येतो त्याच प्रकाराने समावेशही सिद्ध करता येतो, याची ही संहितांतर्गत साक्ष होय.

आता कोकणाकडे वळू. बेने इस्राएलांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज म्हणजे अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेली सात जोडपी. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली सिद्ध केलेल्या आणि १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या इतिहासात या आगमनाचा काळ इ. स. पू. १७५ च्या सुमाराचा मानला आहे. या तर्काला कागद नाही. त्याला आधार आहे तो उणिवांचा. या समाजाला हनुक्का माहीत नव्हता, तेव्हा तो सण रूढ होण्यापूर्वीच पूर्वज निघाले असले पाहिजेत. जे आठवत नाही त्यावरून काळ ठरवण्याची ही पद्धत विलक्षण आहे आणि अप्रामाणिक मुळीच नाही. समाजाला धर्माचार पुन्हा शिकवणारे दावीद राहबी यांना कोणी इसवी सनाच्या सहस्रकाच्या आसपास ठेवतो, तर कोणी अठराव्या शतकातील कोचीनच्या राहबी घराण्यात शोधतो. व्यक्ती आठशे वर्षे मागेपुढे सरकते, पण कथेतील तिची जागा हलत नाही : विस्मृतीनंतरचा पहिला गुरू.

सह्याद्रीखंडात परशुराम समुद्रातून वाहून आलेल्या चौदा प्रेतांना सजीव करतो, ही चित्पावनांची उत्पत्तिकथा नवगावच्या सात जोडप्यांशेजारी ठेवली की कोणी कोणाची उचलली, हा प्रश्न गौण ठरतो. त्या किनाऱ्यावर आपले मूळ सांगण्याची एक मान्य रीत होती, आणि तेल गाळणारे ‘शनवार तेली’ ती बोलत होते. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझेकिएल दिवेकर, यांनी १७९६ साली मुंबईत सिनेगॉग उभारले. त्यांच्या नावात हिब्रू संदेष्टे मराठी रूपात नांदतात आणि आडनाव दिवे गावचे आहे. गाव आणि ग्रंथ एकाच नावात राहू शकतात.

स्थळांचेही असेच असते. अलिबागजवळच्या सागाव-खंडाळा परिसरातील खडकावर एलिया संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा आहेत आणि तो तेथूनच स्वर्गारोहण करता झाला, अशी बेने इस्राएलांची श्रद्धा आहे. ‘२ राजे’ ही घटना यार्देनेपलीकडे सांगतो. धाराशिव जिल्ह्यात येडशीच्या रामलिंगाशी जटायूची समाधी निगडित आहे. इगतपुरी तालुक्यातील टाकेदही जटायूचेच स्थान मानले जाते. कालगणनेचा हिशेबनीस यांपैकी एक खोटे ठरवील. परंतु येडशीच्या भाविकाला टाकेद खोडायचे नसते. आपली दरी त्या महाकथेच्या बाहेर नाही, एवढेच त्याला म्हणायचे असते. सागावचे म्हणणेही यापेक्षा वेगळे नाही.

या म्हणण्याची कसोटी इस्रायलमध्ये लागली. १९६१ साली तेथील प्रमुख रब्बीमंडळाने बेने इस्राएलांशी विवाह तत्त्वतः मान्य केला. पण पुढील वर्षी निघालेल्या सूचनांनुसार वधूवरांच्या मातृवंशाची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करणे आवश्यक झाले. परक्यांशी झालेले विवाह आणि धर्मशास्त्रानुसार न झालेले घटस्फोट यांविषयीची ही शंका होती, आणि धर्मशास्त्राच्या चौकटीत तिला अर्थ होता, हे मान्य केले पाहिजे. मात्र ज्या समाजाने आपला वंश जहाजाच्या कथेत आणि गावांच्या नावांत जपला त्याच्याकडे पिढ्यांचे दप्तर मागितले गेले. आंदोलनानंतर ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेतने बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यूच आहेत, असा ठराव केला आणि सूचना बदलाव्या लागल्या. ‘एज्रा’च्या यादीने पुराव्याविना मोजलेल्या ६५२ जणांचे स्मरण येथे उपयोगी पडले असते.

यावरून समाजाला निर्दोष ठरवण्याचे कारण नाही. ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्राएल हा भेद त्याने स्वतःच पाळला आणि परस्परांतील विवाह वर्ज्य मानले. पीडित समाजही वंशावळीचे शस्त्र वापरतो, कारण ते शस्त्र कोणाच्याही हाती बसते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू व भारतीय असे दोन्ही वारसे आढळले आणि त्यांची सरमिसळ १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीची मानली गेली. ही माहिती मोलाची आहे. तरीही कोण कोणाशी विवाह करू शकतो, याचा निवाडा तिच्यातून निघत नाही. तसा निवाडा तिच्याकडून मागणे म्हणजे अशर यांचीच बेरीज नव्या आकड्यांनी पुन्हा मांडणे होय.

तात्पर्य, वंशावळीला ‘हे खरे का?’ एवढेच विचारून थांबता येत नाही. ती कोणापुढे, कोणत्या हक्कासाठी आणि कोणाला आत घेण्यासाठी वा बाहेर ठेवण्यासाठी सांगितली गेली, हेही विचारावे लागते. हिब्रू ग्रंथकर्त्यांनी ‘एज्रा’ आणि ‘रूथ’ या दोहोंना एकाच ग्रंथसंग्रहात स्थान दिले. त्यांपैकी एकच उघडून निवाडा करणाऱ्याने अर्धाच ग्रंथ वाचलेला असतो.